पतअहवालातील चुकीची नोंद आणि तिची दुरुस्ती

कर्ज मागणाऱ्या माणसाची पारख एके काळी ज्यांच्याकडून होत असे ते त्याला चेहऱ्याने ओळखत. विविध कार्यकारी सोसायटीचा सचिव, पेढीवरचा मुनीम किंवा गावच्या पतपेढीचा संचालक यांना अर्जदाराचे घरदार, शेतीवाडी, नोकरी आणि दिल्या शब्दाला जागण्याची त्याची रीत ही सारी ठाऊक असे, आणि त्याच्याविषयी काही विपरीत कानांवर आलेच तर त्याला समोर बोलावून त्याची बाजू ऐकून घेण्याचा रिवाजही पुष्कळ ठिकाणी होता. आज हीच पारख ज्या कागदावरून होते तो बहुसंख्य अर्जदारांनी कधी पाहिलेला नसतो, त्यातील मजकूर कोणी लिहिला हे त्यांना माहीत नसते, आणि त्यात एखादा आकडा चुकीचा पडला असेल तर त्याचा पत्ता लागतो तो मुलीच्या शिक्षणासाठी किंवा घरासाठी केलेला कर्जाचा अर्ज नामंजूर झाल्यावर. ज्याने एकही हप्ता चुकविला नाही त्याला थकबाकीदार म्हणून परत फिरावे लागावे, याहून मानहानीकारक प्रसंग सामान्य संसारी माणसाच्या वाट्याला क्वचितच येत असेल. आणि तो टाळण्याचा मार्ग कायद्याने खुला ठेवलेला असताना केवळ अज्ञानामुळे हा अन्याय मुकाट्याने सोसला जावा, हे अधिकच शोचनीय आहे. तो मार्ग कोणता, आणि त्यावरून कसे चालावे, हे येथे क्रमाने सांगावयाचे आहे.

नोंदीचे मूळ कोठे असते

रिझर्व्ह बँकेच्या अनुज्ञेने भारतात काम करणाऱ्या पतमाहिती कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. यांपैकी पहिली २००० साली स्थापन झाली, आणि तिचे नाव लोकांच्या तोंडी इतके बसले की कोणाचेही कर्ज अडले म्हणजे त्याचे ‘सिबिल खराब आहे’ असेच म्हटले जाते. परंतु उरलेल्या तिन्ही कंपन्यांच्या दप्तरातही आपली नोंद असते, आणि कर्ज देणारी संस्था यांपैकी कोणत्याही कंपनीचा अहवाल मागवू शकते. या कंपन्यांचा कारभार २००५ साली संमत झालेल्या पतमाहिती कंपन्या (विनियमन) अधिनियमानुसार चालतो. कर्ज देणाऱ्या सर्व संस्थांनी, म्हणजे बँकांनी व वित्त कंपन्यांनी, चारही कंपन्यांचे सभासद व्हावे असा आदेश रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१५ मध्ये दिला, आणि १ जानेवारी २०२५ पासून ही माहिती किमान पंधरवड्यातून एकदा पाठविणे त्यांच्यावर बंधनकारक झाले.

या साऱ्या रचनेतून जे एक सूत्र निष्पन्न होते ते वाचकाने मनात पक्के ठसवून ठेवावे, कारण पुढचे सर्व मार्गदर्शन त्यावरच आधारलेले आहे. नोंदीचे मूळ कर्ज देणाऱ्या संस्थेच्या दप्तरात असते, आणि पतमाहिती कंपनीकडे असते ती त्या नोंदीची नक्कल. सातबारा उताऱ्याच्या इतर हक्कात बँकेचा बोजा चढलेला ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही गोष्ट विस्ताराने सांगण्याचे कारण नाही: कर्जाची पै न् पै फेडलेली असली तरी बँकेचे पत्र तलाठ्याकडे पोहोचून फेरफार मंजूर होईपर्यंत उताऱ्यावरचा बोजा जागचा हालत नाही, आणि तोवर मोकळी जमीनही जगाच्या दृष्टीने गहाणच राहते. पतअहवालाचेही असेच आहे. अधिनियमाच्या २१ व्या कलमाने नोंद दुरुस्त करून मागण्याचा अधिकार आपल्याला दिला आहे, तशी मागणी झाल्यावर तीस दिवसांच्या आत पावले उचलण्याचे कर्तव्य संस्थेवर व कंपनीवर घातले आहे, आणि त्याच कलमात अशीही अट आहे की संबंधित कर्जसंस्थेने दुरुस्ती खरी असल्याचे प्रमाणित केल्यावाचून पतमाहिती कंपनीने ती करू नये. म्हणूनच केवळ कंपनीकडे तक्रार करून स्वस्थ बसणारा आणि केवळ बँकेच्या शाखेत जाऊन तोंडी सांगून येणारा, असे दोघेही बहुधा निराश होतात. दोन्ही ठिकाणी, एकाच दिवशी, लेखी आणि बाबवार मागणी करावी, आणि त्या दिवसाची तारीख सांभाळावी. साऱ्या उपायाचे सार एवढेच आहे.

अहवाल मिळवावा कसा

प्रत्येक पतमाहिती कंपनीने मागणी करणाऱ्या व्यक्तीला वर्षातून एकदा आपला संपूर्ण अहवाल, गुणांकासह, विनामूल्य दिला पाहिजे, असा नियम २०१७ च्या आरंभापासून लागू आहे. कंपन्या चार असल्यामुळे वर्षाकाठी चार अहवाल फुकट मिळू शकतात; आणि ज्याला नजीकच्या काळात कर्ज काढावयाचे नाही त्याने दर तिमाहीस एका कंपनीचा अहवाल मागविला तर वर्षभर आपल्या खात्यांवर अनायासे लक्ष राहते. परंतु घरकर्जासारखा मोठा अर्ज करावयाचा असेल तर त्याच्या निदान तीन महिने आधी चारही अहवाल एकदम मागवावेत, कारण दुरुस्तीला वेळ लागतो आणि घर विकणारा तितका वेळ थांबत नाही.

अहवाल मागताना कंपनीच्या स्वतःच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच मागावा. ‘फुकट स्कोअर पाहा’ म्हणून आमंत्रण देणाऱ्या नाना प्रकारच्या ॲपांवर बहुधा नुसता गुणांक किंवा संक्षिप्त माहिती मिळते, आणि तिच्या मोबदल्यात आपला पॅन व मोबाइल क्रमांक कर्जे विकणाऱ्यांच्या हाती जातो. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुणांक घसरतो अशी एक भीती लोकांत रूढ आहे. ती निराधार आहे. कर्जासाठी अर्ज केल्यावर संस्थेने केलेली चौकशी तेवढी अहवालात चौकशी म्हणून धरली जाते. याशिवाय, आपल्या अर्जाच्या संदर्भात एखाद्या संस्थेने आपला अहवाल मागविला असेल तर त्याची प्रत तिच्याकडून मागून घेण्याचा अधिकारही उपरोक्त २१ व्या कलमानेच दिला आहे. ‘तुमचे सिबिल बसत नाही’ एवढे तोंडी उत्तर मिळाल्यास तेथेच लेखी अर्ज देऊन ती प्रत मागावी, कारण ज्या कागदावरून नकार मिळाला तोच कागद आपल्याला वाचावयाचा आहे.

अहवाल वाचावा कसा

अहवाल हाती आला की लोकांची दृष्टी प्रथम ३०० ते ९०० यांमधील गुणांकावर जाते आणि तेथेच खिळून राहते. गुणांक हा इतर नोंदींवरून काढलेला निष्कर्ष आहे. त्याची दुरुस्ती मागता येत नाही, मागता येते ती नोंदींची. म्हणून गुणांक बाजूला ठेवून पुढील पाने पेन्सिल हाती घेऊन ओळीने वाचावीत.

आरंभी नाव, जन्मतारीख, पॅन व अन्य ओळखपत्रांचे क्रमांक, पत्ते आणि दूरध्वनी येतात. हा भाग लोक चाळून सोडून देतात, वास्तविक परक्या माणसाचे कर्ज आपल्या नावावर चढण्याचे मूळ पुष्कळदा येथेच सापडते. आपल्याकडे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी रीत. त्यातही एकाच गावात, एकाच आडनावाच्या चार घरांत एकाच नावाची दोन माणसे निघणे ही नित्याची गोष्ट. शिवाय इंग्रजी वर्णांत नाव लिहिताना कारकुनाकारकुनागणिक एखादे अक्षर पुढेमागे होते, आणि विवाहानंतर नाव बदललेल्या स्त्रीची अर्धी खाती माहेरच्या नावाने व अर्धी सासरच्या नावाने असतात. जुन्या कर्जाच्या नोंदीत पॅन नसेल तर नाव, जन्मतारीख आणि पत्ता यांच्या साम्यावरून जुळणी होते, आणि साम्य फसवे असले की जुळणीही फसते. कधीही न राहिलेला पत्ता, न वापरलेला दूरध्वनी किंवा भलती जन्मतारीख दिसली की पुढचे खाते अधिक सावधपणे वाचावे.

यानंतर एकेक कर्ज व क्रेडिट कार्ड येते: संस्थेचे नाव, कर्जाचा प्रकार, खाते उघडल्याची व बंद झाल्याची तारीख, मंजूर रक्कम, शिल्लक, थकबाकी, आणि आपण त्या खात्यात स्वतः कर्जदार आहोत, सहकर्जदार आहोत की जामीन. फ्रिज किंवा मोबाइल हप्त्यांवर घेतला असेल तर तेही येथे कर्ज म्हणून दिसेल. एखाद्या ॲपवरून घेतलेले कर्ज त्या ॲपच्या नावाने न दिसता त्यामागच्या वित्त कंपनीच्या नावाने दिसते; तेव्हा अनोळखी नाव पाहून लागलीच फसवणुकीची फिर्याद करण्यापूर्वी रक्कम आणि तारीख आपल्या पासबुकाशी ताडून पाहावी.

प्रत्येक खात्याखाली महिन्यामहिन्यांची जी चौकटींची रांग असते ती या अहवालाचा गाभा होय. प्रत्येक चौकटीत त्या महिन्यात हप्ता किती दिवस थकला होता तो आकडा असतो. हाच बँकेतील लोकांच्या बोलण्यातला ‘डीपीडी’. ‘०००’ म्हणजे काहीही थकलेले नाही, आणि ‘एक्सएक्सएक्स’ म्हणजे संस्थेने त्या महिन्याची माहितीच पाठविलेली नाही. ही दुसरी खूण थकबाकीची नव्हे. आकडे वाचताना थोडे गणित केले तर चूक आपोआप उघडी पडते. समजा, एका शिक्षिकेच्या कर्जाचा हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला आहे, आणि अहवालात मे अखेर ‘०००’ व जून अखेर ‘०५६’ असे आकडे आहेत. ५ जूनचा हप्ता खरोखरच चुकला असे घटकाभर धरले तरी ३० जूनला २५ दिवसच भरतात. ५६ दिवस भरावयाचे तर ५ मेचा हप्ता चुकलेला असला पाहिजे, आणि तसे झाले असते तर मे अखेरच्या चौकटीत २६ दिवस दिसले असते. म्हणजे दोन्ही चौकटी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. अशी विसंगती अर्जात चार ओळींत मांडली आणि सोबत मे व जून महिन्यांचे पासबुकाचे पान जोडले, म्हणजे ती नाकारणे कोणत्याही प्रामाणिक अंमलदाराला अवघड जाते.

शेवटी चौकशांचा भाग येतो. कोणत्या संस्थेने, कोणत्या दिवशी, कोणत्या प्रकारच्या व किती रकमेच्या कर्जासाठी आपला अहवाल पाहिला, हे तेथे असते. आपण अर्ज केलेला नसताना चौकशी झालेली दिसली, तर आपल्या नावावर कोणी कर्ज काढू पाहत असल्याचा तो संकेत असू शकतो.

चूक कोणती, आणि पुरावा कोणता

सर्वांत अधिक आढळणारी चूक फिटलेल्या कर्जाची. हप्ते संपले, बँकेने दाखला दिला, वाहनाच्या नोंदणी पुस्तकावरून बँकेचे नावही निघाले, आणि तरी अहवालात खाते चालूच. येथे कर्ज बेबाक झाल्याचा दाखला, ज्याला बँकेत ‘एनओसी’ किंवा ‘नो ड्यूज’ म्हणतात, तो आणि कर्जखात्याचा शून्य शिलकेचा उतारा हे दोन कागद पुरेसे होतात. क्रेडिट कार्ड बंद केल्यावर वार्षिक शुल्काची क्षुल्लक रक्कम मागे राहून ती व्याजासह वाढत गेल्याचेही पुष्कळदा दिसते. तेथे कार्ड बंद करण्यासाठी दिलेला अर्ज व त्याची पोच शोधून काढावी.

दुसरी चूक दुहेरी नोंदीची. बँकेने आपले कर्ज मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकले असेल तर तेच कर्ज कधी कधी दोन्ही नावांनी, दोन्ही ठिकाणी शिलकेसह उभे राहते, आणि एका लाखाचे ऋण दोन लाखांचे भासते. येथे कर्ज हस्तांतरित झाल्याचे पत्र जोडावे आणि मूळ बँकेने आपल्या खात्यातील शिल्लक शून्य दाखवावी अशी मागणी करावी.

तिसरी आणि सर्वांत गंभीर गोष्ट, आपण न घेतलेल्या कर्जाची. नामसाम्यामुळे परक्याचे खाते आपल्याकडे आले असेल तर पॅन, जन्मतारखेचा दाखला व पत्त्याचा पुरावा यांनी काम भागते. परंतु आपलीच कागदपत्रे वापरून कोणी कर्ज उचलले असेल तर संस्थेला लेखी लिहून त्या कर्जाचा अर्ज, ओळख पटविताना घेतलेली कागदपत्रे आणि रक्कम ज्या बँक खात्यात जमा झाली त्याचा तपशील मागावा. पैसा आपल्या खात्यात आलाच नाही, हा यातला सर्वांत बळकट पुरावा असतो. त्याबरोबरच पोलिसांत तक्रार द्यावी. सायबर आर्थिक गुन्ह्यांसाठी १९३० हा दूरध्वनी क्रमांक व केंद्र सरकारचे सायबर गुन्हे तक्रार संकेतस्थळ उपलब्ध आहे. पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत दुरुस्तीच्या अर्जाला अवश्य जोडावी.

अर्ज कसा लिहावा

चारही कंपन्यांच्या संकेतस्थळांवर अहवालातील नोंदीबद्दल वाद उपस्थित करण्याची सोय आहे आणि त्यासाठी शुल्क पडत नाही. तेथे अहवालाचा क्रमांक देऊन ज्या नोंदीबद्दल तक्रार आहे ती निवडावयाची असते. कंपनी ती तक्रार संबंधित संस्थेकडे पाठविते. त्याच दिवशी संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला स्वतंत्र अर्ज ई-मेलने किंवा नोंदणीकृत टपालाने पाठवावा, आणि शाखेत हाती दिल्यास दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का व सही घ्यावी. एका अर्जात एकाच खात्याचा विषय असावा. आपल्यावर झालेल्या अन्यायाचे वर्णन, शाखेतल्या कोणी कसे उत्तर दिले त्याची हकिकत आणि आपल्या अडचणींचा पाढा यांनी अर्ज लांबला की मूळ मुद्दा त्यात बुडून जातो. अहवालात काय लिहिले आहे, खरे काय आहे, त्याचा पुरावा कोणता आणि मागणी काय, या चार गोष्टी त्यात याव्यात. नमुन्यादाखल फिटलेल्या दुचाकी कर्जाविषयीचा मसुदा पुढे देत आहे.

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
(कर्ज देणाऱ्या संस्थेचे नाव व पत्ता)

विषय : दुचाकी कर्ज खाते क्रमांक ……… बाबत पतमाहिती कंपन्यांकडे गेलेल्या चुकीच्या माहितीची दुरुस्ती.

महोदय,

उपरोक्त कर्जाचा अखेरचा हप्ता मी दिनांक ……… रोजी भरला असून, कर्ज संपूर्ण फिटल्याचा दाखला आपल्या शाखेने दिनांक ……… रोजी मला दिला आहे. असे असता ……… या पतमाहिती कंपनीच्या दिनांक ……… च्या अहवालात (अहवाल क्रमांक ………) सदर खाते चालू दाखविले असून त्यावर रुपये ……… शिल्लक व रुपये ……… थकबाकी दर्शविली आहे. खरी स्थिती अशी आहे : खाते बंद, शिल्लक शून्य, थकबाकी शून्य, खाते बंद झाल्याची तारीख ……….

तरी ही दुरुस्त माहिती आपण चारही पतमाहिती कंपन्यांकडे पाठवावी आणि तसे केल्याचे मला लेखी कळवावे. विनंती मान्य नसल्यास नामंजुरीची कारणे लेखी द्यावीत. याच आशयाची तक्रार मी सदर पतमाहिती कंपनीकडे आज रोजी क्रमांक ……… अन्वये नोंदविली आहे. विहित मुदतीत दुरुस्ती न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार देय होणारी भरपाई पुढील बँक खात्यात जमा करावी : ……….

सोबत : दाखल्याची प्रत, कर्जखात्याचा उतारा, पासबुकाचे संबंधित पान, अहवालाचे संबंधित पान.

आपला / आपली,
(सही, नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक, ई-मेल, दिनांक)

मूळ दाखला कोणालाही देऊ नये, प्रतच द्यावी. चारही कंपन्यांकडे दुरुस्त माहिती पाठविण्याची मागणी अर्जात स्पष्ट असावी, नाहीतर एका अहवालात खाते बंद आणि दुसऱ्यात चालू असा प्रकार घडतो आणि पुढच्या अर्जाच्या वेळी तीच यातायात नव्याने करावी लागते.

मुदत आणि भरपाई

रिझर्व्ह बँकेने २६ ऑक्टोबर २०२३ रोजी काढलेल्या आणि २६ एप्रिल २०२४ पासून अंमलात आलेल्या आदेशाने या विषयाला जे बळ आले आहे ते प्रत्येक कर्जदाराला माहीत असले पाहिजे. तक्रार नोंदविल्यापासून तीस दिवसांच्या आत, आणि हे दिवस सुट्ट्या धरून मोजावयाचे आहेत, तिचा निकाल लागला पाहिजे. तसे न झाल्यास पुढील प्रत्येक दिवसाला शंभर रुपये या दराने तक्रारदाराला भरपाई मिळते. कर्जसंस्थेला तक्रार कळल्यापासून तिने एकवीस दिवसांत दुरुस्त माहिती कंपनीकडे पाठविली पाहिजे. तिने तशी पाठविली नाही तर भरपाईचा भार तिच्यावर. तिने वेळेत पाठवूनही कंपनीने तीस दिवसांत दुरुस्ती केली नाही तर तो भार कंपनीवर. निकाल लागल्यापासून पाच कामकाजाच्या दिवसांत ही रक्कम तक्रारदाराच्या बँक खात्यात जमा व्हावयाची असते, आणि म्हणूनच वरील मसुद्यात खात्याचा तपशील मागितला आहे.

शंभर रुपये ही रक्कम मोठी नाही. तिचे महत्त्व असे की दिरंगाईला प्रथमच रोजची किंमत लागली, आणि ती कोणी मोजावयाची याचा निवाडा तारखांवरून होऊ लागला. म्हणून तक्रारीचा क्रमांक, ई-मेलची प्रत, टपालाची पावती आणि शिक्का मारलेली दुसरी प्रत एका फाइलीत ठेवावी, आणि एकविसावा व तिसावा दिवस दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा. शाखेत जाऊन तोंडी केलेल्या विनंतीला तारीख नसते, आणि ज्या मागणीला तारीख नाही तिची मुदतही कधी संपत नाही.

याच सुमाराच्या आदेशांनी आणखी दोन सोयी झाल्या आहेत. दुरुस्तीची विनंती फेटाळल्यास तिची कारणे कळविणे बंधनकारक झाले. आणि आपला अहवाल कोणी पाहिला, किंवा हप्ता थकल्याची माहिती संस्थेने कंपन्यांकडे पाठविली, तर तशी सूचना ग्राहकाला मोबाइलवर किंवा ई-मेलवर मिळाली पाहिजे असे ठरले. या सूचना पोहोचावयाच्या तर आपला चालू मोबाइल क्रमांक बँकेच्या दप्तरी असला पाहिजे, ही जबाबदारी मात्र आपली.

दाद न मिळाल्यास

तीस दिवस उलटूनही उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. लोकपालांच्या निरनिराळ्या योजना एकत्र करून नोव्हेंबर २०२१ मध्ये एकात्मिक योजना सुरू झाली, आणि १ सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही तिच्या कक्षेत आल्या. येथे शुल्क नाही आणि वकिलाची गरज नाही. रिझर्व्ह बँकेच्या तक्रार संकेतस्थळावर अर्ज भरता येतो किंवा तो टपालानेही पाठविता येतो. मात्र आधी संस्थेकडे लेखी तक्रार करून तीस दिवस वाट पाहिल्याचा पुरावा नसेल तर लोकपाल तक्रार दाखल करून घेत नाही. पहिल्या दिवसापासून तारखा सांभाळण्याचा आग्रह धरला तो याचसाठी. देय भरपाई अन्यायाने नाकारली गेली तरी याच दाराशी जावे. ग्राहक आयोगाचा मार्गही आहेच. पण प्रकरण एकदा न्यायालयात किंवा आयोगात गेले की लोकपालाचे दार बंद होते, म्हणून क्रम विचारपूर्वक ठरवावा.

जे दुरुस्त होत नाही

येथवर जे सांगितले ते चुकीच्या नोंदीविषयी. खरी असून केवळ अप्रिय असलेली नोंद कोणत्याही अर्जाने पुसली जात नाही, आणि तशी पुसून देतो असे सांगून हजारो रुपये घेणाऱ्या दलालांच्या नादी वाचकांनी मुळीच लागू नये. दुरुस्तीचा अधिकार फक्त संस्थेचा, आणि तो वापरण्यासाठी दलाली लागत नाही.

तडजोडीने मिटविलेल्या कर्जाबद्दल पुष्कळांचा गैरसमज होतो. ठरलेली कमी रक्कम भरून घेऊन बँकेने कर्ज मिटविले असेल तर अहवालात ‘सेटल्ड’ अशी नोंद येते, आणि पुढच्या सावकाराला ती पूर्ण फेडीहून वेगळी वाटते. ‘रिटन ऑफ’ या शब्दांचाही अर्थ कर्ज माफ झाले असा नाही. बँकेने ते आपल्या हिशेबात बुडीत धरले एवढेच, ऋण कायमच असते. अशा ठिकाणी शक्य असल्यास उरलेली रक्कम भरून खाते पूर्ण बंद झाल्याचा दाखला घ्यावा आणि मग नोंद बदलण्याची मागणी करावी. त्याचप्रमाणे, मित्राच्या किंवा भावाच्या कर्जाला जामीन राहिलेल्या माणसाच्या अहवालात ते कर्ज दिसणे ही चूक नव्हे. मूळ कर्जदाराने हप्ते थकविले तर त्याची झळ जामीनदाराला लागते. सही करण्यापूर्वी हे माहीत असावे, आणि सही केल्यानंतर त्या कर्जाचे हप्ते वेळेवर जात आहेत की नाही हे विचारण्याचा संकोच कोणी करू नये.

आता शेवटची विनंती. हे अहवाल बहुधा इंग्रजीत असतात, त्यांतील संक्षेप शिकल्यासवरल्या माणसालाही सहज उलगडत नाहीत, आणि संकेतस्थळावरचा अर्ज भरणे ज्याला जमत नाही त्याच्यापुरता कायद्याने दिलेला अधिकार असूनही नसल्यासारखाच होतो. ट्रॅक्टरचे कर्ज फेडलेला शेतकरी, बचत गटातून कर्ज घेणारी बाई, पुतण्याला जामीन राहिलेले निवृत्त शिक्षक, यांच्या नोंदी चुकल्या तर त्यांच्या बाजूने लिहिणारे कोणी नसते. ज्यांना हे वाचता येते त्यांनी आपला अहवाल या वर्षी अवश्य मागवावाच, आणि घरातल्या व शेजारच्या निदान एका वडीलधाऱ्या माणसाचा अहवाल त्याच्यासमवेत बसून, त्याच्या संमतीने, ओळीने वाचून द्यावा. कर्ज फिटले की दाखला हाती घ्यावा, महिन्याभराने अहवाल पाहावा, आणि नोंद चुकलेली आढळली तर त्याच दिवशी अर्ज लिहावा. प्रामाणिकपणे फेडलेल्या प्रत्येक हप्त्याची खरी नोंद राहावी हा आपला हक्क आहे, आणि तो लेखी मागितल्यानेच पदरात पडतो.